डास बारा दिवसांपूर्वीचा, आळ मात्र कालच्या भांडणावर

6 जुलै 2025 ची रात्र, बिहारमधल्या पूर्णिया जिल्ह्यातलं टेटगामा गाव. डायन, म्हणजे चेटकीण, असल्याचा आळ घेऊन जमावाने एकाच उरांव आदिवासी कुटुंबातल्या पाच जणांना मारहाण करून जाळलं. निमित्त काय, तर गावातला एक मुलगा आजारी पडून वारला होता आणि दुसऱ्याची तब्येत बिघडली होती. बातमीवर बहुतेकांचं म्हणणं एकच, अडाणी लोक आहेत, शिकले की सुधारतील. मला हे पटत नाही, कारण आजार ज्या पद्धतीने येतो तीच पद्धत माणसाला फसवणारी असते.

मलेरियाचंच बघा. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, आपलं गडचिरोली, या जंगलपट्ट्यात तो पिढ्यानपिढ्या मुक्कामाला आहे. समजा सोमवारी रात्री पोराला अ‍ॅनोफिलिस डासाची मादी चावली. तिच्या लाळेतून आलेले परजीवी थोड्याच वेळात लिव्हरमधे जाऊन बसतात आणि फॅल्सिपॅरम जातीचे असतील तर तिथे साधारण आठवडाभर नुसते वाढत राहतात, एकाचे हजारो होतात, पण पोराला पत्ताच नाही, ते खातंय, खेळतंय, शेळ्यांमागे पळतंय. मग ते रक्तात उतरतात, लाल पेशीत घुसतात, साधारण 48 तासांनी ती फोडून बाहेर पडतात आणि नव्या पेशी धरतात. अशा फेऱ्या होऊन संख्या पुरेशी वाढली की मग ताप. म्हणजे चावल्यापासून बहुतेक वेळा 10 ते 14 दिवस गेलेले असतात. आता बारा दिवसांपूर्वीचा डास कोणाला आठवणार? पण काल संध्याकाळी शेजारची म्हातारी बांधावरून भांडली आणि "तुझं वाटोळं होईल" म्हणाली, हे सगळ्या आळीने ऐकलेलं असतं!

त्यात फॅल्सिपॅरमची अजून एक वाईट खोड. तो ज्या लाल पेशीत शिरतो तिच्या पृष्ठभागावर बारीक गाठी तयार करतो आणि स्वतःचं एक प्रोटीन त्यांच्यावर आणून ठेवतो, त्यामुळे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते. परजीवीचा फायदा असा की चिकटून राहिलं की प्लीहेत, म्हणजे खराब लाल पेशी गाळून काढणाऱ्या अवयवात, सापडत नाही. पण हेच मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत झालं तर सकाळी नुसतं तापाने फणफणलेलं पोर रात्री डोळे फिरवतं, आकडी येते, दातखीळ बसते, हाक मारली तर ओ देत नाही. कुणीतरी धरलंय असंच ते दिसतं, आणि आईने ते मांडीवर घेऊन बघितलेलं असतं.

व्हायवॅक्स ही दुसरी जात. हिचा ताप बरेचदा एकाआड एक दिवस येतो. तापाच्या दिवशी भगताला बोलावलं, अंगारा लावला, दुसऱ्या दिवशी पोर उठून बसलं, श्रेय भगताला. (शहरात व्हायरल तापाला तिसऱ्या दिवशी सलाईन लावून चौथ्या दिवशी बरं वाटलं की आपण सलाईनचे गोडवे गातो, ते याहून वेगळं नाही.) वर व्हायवॅक्सचे काही परजीवी लिव्हरमधे झोपून राहतात आणि कित्येक महिन्यांनी जागे होतात, मग लोक म्हणतात करणी परत फिरली.

हे तपासायला आशाताईकडे किट असतं. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर, वर द्रावणाचे थेंब, पंधरा-वीस मिनिटांत रेघ. आजार कशाने झाला हे पट्टी सांगते, पण भगताने बोट त्याच बाईकडे का दाखवलं हे ती नाही सांगू शकत. ते मलेरियाने ठरत नाही. ती बहुतेकदा विधवा असते, एकटी असते, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो, नाहीतर ती तोंडावर बोलणारी असते. टांझानियात एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञाने ग्रामीण भागातल्या खुनांचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की अतिवृष्टी किंवा दुष्काळाच्या वर्षी चेटकीण म्हणून होणारे खून दुप्पट होतात, मारल्या जातात त्या बहुतेक म्हाताऱ्या बायका, आणि बाकीचे खून मात्र त्या वर्षी तसे वाढत नाहीत. म्हणजे घरात खाणारी तोंडं जास्त आणि धान्य कमी झालं की कोण नकोसं होतं ते बघा. याला नुसतं अज्ञान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

असा आळ आलेल्या बाईला नंदुरबारकडे डाकीण म्हणतात, छत्तीसगडात टोनही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुणाला करणी करणारी ठरवून त्रास देणं हा गुन्हा आहे, झारखंडात डायनविरोधी कायदा 2001 पासून आहे.

त्याच झारखंडात 1995 मधे शेजारची मुलगी आजारी पडली आणि आळ छुटनी महतोंवर आला. त्यांना दंड केला, मारहाण केली, शेवटी मुलांना घेऊन त्या गावातून निघून गेल्या. नंतर त्यांनी सरायकेला-खरसावां जिल्ह्यातल्या बीरबांस गावात बसून अशाच आळ आलेल्या बायकांना आसरा द्यायला सुरुवात केली, पोलिसात त्यांच्या तक्रारी नोंदवून घ्यायला लावल्या, 2021 मधे त्यांना पद्मश्री जाहीर झाली.