नैराश्यरोधी औषधे आणि नैराश्याची तीव्रता

नैराश्य सौम्य असो वा तीव्र, गोळी सारखीच लागू पडते का, हा मनोविकारशास्त्रातला जुना वाद. तो औषधांचा आहे तितकाच मोजपट्टीचाही आहे.

सर्वाधिक वापरातली मोजपट्टी मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. तिच्यात १७ बाबी आणि जास्तीत जास्त ५२ गुण. मराठीत औषधाचा ‘गुण येतो’. इथे मात्र गुण उतरले तरच गुण आला म्हणायचे! १७ पैकी तीन बाबी निव्वळ झोपेच्या: लवकर झोप न लागणे, मध्यरात्री जाग येणे, पहाटेच डोळे उघडणे. प्रत्येकीला कमाल २ गुण. म्हणजे उदासी तशीच राहिली, पण माणूस रात्रभर झोपू लागला, तर तेवढ्यानेच ६ गुण उतरू शकतात. गुंगी आणणाऱ्या औषधाला याचा आयता फायदा मिळतो.

आयर्विंग कर्श व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाकडे सादर झालेल्या चार औषधांच्या ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. औषध घेणाऱ्यांचे सरासरी ९.६ गुण उतरले, प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) घेणाऱ्यांचे ७.८. फरक १.८ चा, उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने अर्थपूर्ण मानलेला फरक होता ३. सुरुवातीला २८ च्या वर गुण असलेल्यांतच तो गाठला गेला, आणि तोही कर्श यांच्या मते औषधाचा जोर वाढल्यामुळे नव्हे, तर प्लासिबोचा ओसरल्यामुळे.

२०१० मध्ये जे फोर्निये यांच्या गटाने इमिप्रामिन व पॅरॉक्सेटिनच्या सहा चाचण्यांतील ७१८ रुग्णांची माहिती रुग्णागणिक तपासली. प्लासिबोपेक्षा एक रुग्ण जास्त सुधारावा यासाठी सौम्य ते मध्यम गटात १६ जणांना औषध द्यावे लागे, अतितीव्र गटात चौघांना. हे आकडे फार गाजले. पुढे २०१६ मध्ये राबिनोविट्झ व सहकाऱ्यांनी दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तशीच तपासली, तेव्हा तीव्रता व औषधाचा लाभ यांचा संबंधच आढळला नाही. मुळात औषधचाचण्यांत सौम्य नैराश्याचे रुग्ण फारसे घेतलेच जात नाहीत. त्यामुळे त्या टोकाविषयीची विधाने जरा जपूनच वाचावीत.

व्यवहारात ‘नाइस’ने २०२२ मध्ये कमी तीव्र व अधिक तीव्र असे दोनच गट ठेवले. कमी तीव्र नैराश्यात, रुग्णाने स्वतः पसंती दिल्याखेरीज, पहिला उपाय म्हणून गोळी सरसकट देऊ नये असे ती संस्था सांगते.

तीव्र नैराश्यात गोळीच लागते, असा यातून समज होईल. गोव्यातून मात्र उलट्या दिशेचा पुरावा आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत समुपदेशन मिळाले, तेही मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिकांकडून. तीन महिन्यांनी त्यांतले ६४ टक्के लक्षणमुक्त होते. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले ३९ टक्के.