अदोमचा नकार आणि सीहोनचा नकार

बायबलमधील गणना या पुस्तकाच्या २०व्या आणि २१व्या अध्यायांत मिसरातून निघून वचन दिलेल्या भूमीकडे जाणारे इस्राएली लोक दोन राजांकडे जवळजवळ एकच निरोप पाठवतात, आणि त्यामुळे हे दोन प्रसंग वाचकाच्या मनात सहज एकमेकांत मिसळतात. आम्हाला तुमच्या देशातून जाऊ द्यावे, आम्ही कोणाच्या शेतात किंवा द्राक्षमळ्यात शिरणार नाही, विहिरींचे पाणी पिणार नाही, हद्द ओलांडेपर्यंत राजमार्ग सोडणार नाही, असा तो निरोप आहे. पहिल्यांदा तो कादेशहून अदोमच्या राजाला जातो, पुढे हेशबोनला राहणाऱ्या सीहोन या अमोरी राजाला. दोघेही नकार देतात आणि दोघेही सैन्य घेऊन बाहेर पडतात.

परक्याच्या जमिनीचा मान राखावा हा धडा या निरोपातून काढण्याची पद्धत आहे, पण ती अपुरी वाटते, कारण गरजवंताची विनंती नम्रच असते. खरा फरक नकारानंतर दिसतो. अदोमने नाही म्हटल्यावर इस्राएली लोक पुन्हा विचारतात, आमच्या जनावरांनी पाणी प्यायले तर त्याचेही मोल देऊ म्हणतात, आणि तरीही वाट मिळत नाही तेव्हा ते मागे वळतात. हे वळणे फुकटचे नव्हते. अदोमला वळसा घालून जाताना लोकांचा धीर सुटला आणि अन्नपाण्यावरून त्यांनी देवाविरुद्ध व आपला नेता मोशे याच्याविरुद्ध कुरकुर केली, असे २१व्या अध्यायात सांगितले आहे.

या माघारीमागचे कारण बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट होते. सेईर डोंगर, म्हणजे अदोमचा प्रदेश, एसावाच्या वंशजांना, म्हणजे अदोमी लोकांना, वतन म्हणून दिलेला आहे, म्हणून त्यांच्या देशातले पाऊल ठेवण्यापुरतेही स्थान तुम्हाला मिळणार नाही, अन्न आणि पाणी पैसे देऊन विकत घ्या, अशी तिथे आज्ञा आहे. लोटाच्या वंशजांच्या, म्हणजे मवाब आणि अम्मोन यांच्या, भूमीबद्दलही तेच बजावले आहे. ज्या देवाने इस्राएलला भूमी देण्याचे वचन दिले, त्यानेच शेजाऱ्यांनाही त्यांची भूमी दिली आहे, हा विचार या अध्यायाचा गाभा आहे. (याच अध्यायात एसावाच्या वंशजांनी वाट दिल्याचाही उल्लेख येतो, गणनेतील हकिगतीशी तो सरळ जुळत नाही.)

सीहोनच्या बाबतीत हा विचार तसाच लावता येत नाही. तो याहस येथे चालून आला, हरला, आणि आर्णोन नदीपासून याब्बोक नदीपर्यंतचा त्याचा मुलूख इस्राएलने घेतला. लढाई त्याने सुरू केली असली तरी अनुवादाच्या सांगण्यानुसार त्याचा देश इस्राएलच्या हाती देण्याचे निरोप जाण्यापूर्वीच ठरले होते, आणि त्याचे मन देवानेच कठोर केले होते. म्हणून सीहोनची कथा सीमेच्या आदराचे उदाहरण म्हणून सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. ती विजयाची आणि वतन मिळाल्याची कथा आहे. एवढे मात्र खरे की त्या विजयातही अम्मोनी लोकांच्या हद्दीला हात लावला गेला नाही. गणना त्याचे कारण ती हद्द भक्कम होती असे देते, तर अनुवाद देवाची मनाई पुढे करतो.

गुंता आणखी एका गोष्टीने वाढतो. सीहोनने तो मुलूख स्वतः मवाबच्या आधीच्या राजाकडून लढून घेतला होता. मग इस्राएलने जिंकलेली जमीन नेमकी कोणाची? शास्ते या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात अम्मोनी राजा हाच प्रश्न उकरून काढतो आणि आर्णोन ते याब्बोक हा प्रदेश परत मागतो. इस्राएलचा सेनानायक इफ्ताह त्याला हे दोन्ही नकार क्रमाने सांगतो: अदोम आणि मवाब यांनी वाट दिली नाही तेव्हा आम्ही वळसा घालून गेलो, सीहोन लढला म्हणून त्याचा देश घेतला, आणि ३०० वर्षे आम्ही तिथे राहत असताना तुम्ही तो का सोडवून घेतला नाही? अम्मोनी राजाने हे म्हणणे ऐकले नाही आणि युद्ध झाले.