टमी टक करायचं म्हणताय? आधी पोट कोणतं ते बघा

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा आणि पोट सैल सोडा. पोट बाजूंना घरंगळून सपाट झालं आणि वरची कातडी चिमटीत भरपूर येत असेल तर ते एक पोट. झोपल्यावरही तसंच टम्म वर राहिलं, दाबलं तर घट्ट लागलं, तर ते अगदी वेगळं पोट. टमी टक, म्हणजे सुटलेली कातडी कापून पोट आवळून शिवायचं ऑपरेशन (डॉक्टरांच्या भाषेत अॅब्डॉमिनोप्लास्टी), हे पहिल्या पोटासाठी आहे. दुसऱ्या पोटाला त्याचा फारसा उपयोग नाही, आणि गंमत म्हणजे चाळिशीतले ढेरीवाले पुरुष जे इन्स्टाग्रामवरचे बिफोर-आफ्टर फोटो बघून चौकशी करतात त्यातल्या बऱ्याच जणांचं पोट हे दुसरंच असतं.

कारण साधं आहे. पोटावर चरबी दोन ठिकाणी साठते, एक कातडीखाली आणि दुसरी थेट आत, आतड्यांच्या आणि लिव्हरच्या आजूबाजूला. सर्जन पोटाची पोकळी उघडतच नाही, तो स्नायूंच्या वरवर काम करतो, त्यामुळे आतली चरबी जिथल्या तिथे राहते. आणि आपल्या लोकांची खोड अशी की काडीपैलवान दिसणाऱ्या माणसाच्याही अंगात चरबी लपलेली असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय, 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! म्हणून आपल्याकडे नुसता वजनकाटा बघून काहीच ठरवू नये.

बरं, कातडीखालची चरबी काढली तर शुगर-बीपी तरी सुधारतं का? 2004 मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला, 15 लठ्ठ बायकांची लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून घेऊन, जवळपास 10 किलो चरबी काढली, आणि 10 ते 12 आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिन, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं होतं तिथेच. टमी टकमध्ये तर बहुतेक वेळा एक-दोन किलोच जातात. म्हणजे वजन कमी करायला हे ऑपरेशन नाहीच, उलट वजन कमी करून ते निदान सहा महिने स्थिर ठेवलं की मगच या असं चांगला सर्जन सांगतो. बॅरिएट्रिक सर्जरी (वजन कमी करायचं जठराचं ऑपरेशन) झालेल्यांना तर वर्ष-दीड वर्ष थांबायला लावतात.

मग हे ऑपरेशन दुरुस्त काय करतं? तर दोन गोष्टी, कातडी आणि स्नायूंच्या मधली जागा. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात, जिमवाल्यांचे सिक्स पॅक ते हेच, आणि त्यांना मधून जोडणारी एक पांढरी चिवट पट्टी असते, लिनिया अल्बा. गरोदरपणात गर्भाशय वाढतं तशी ही पट्टी रुंद होत जाते, बाळंतपणानंतर बऱ्यापैकी परत येते पण प्रत्येकीची पूर्ण येत नाही, जुळी झाली असतील किंवा लागोपाठ बाळंतपणं झाली असतील तर जास्तच. जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारखं होतं, ताण गेला की गेला. घरी बघायचं तर वर सांगितल्यासारखं झोपून फक्त डोकं उचला आणि बेंबीच्या वर बोटं ठेवा, दोन-तीन बोटं आरामात खाली रुतत असतील किंवा मधोमध उंचवटा येत असेल तर डायस्टॅसिस, म्हणजे हे दोन स्नायू एकमेकांपासून फाकणं, असू शकतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात फिजिओथेरपीने यात बरीच सुधारणा होऊ शकते, म्हणून ऑपरेशनची घाई नको. पोट बांधून ठेवायच्या आपल्या पद्धतीने कमरेला आधार मिळतो, बरं वाटतं, पण ताणलेली पट्टी पुन्हा शिवली जात नाही. आणि सुटलेल्या कातडीवर तर व्यायामाचा काहीच इलाज चालत नाही, तिला घट्ट ठेवणारे कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू तुटलेले असतात, कितीही प्लँक मारा.

ऑपरेशन दोन ते चार तासांचं, पूर्ण भूल देऊन. खाली, सिझेरियनचा टाका असतो साधारण त्याच रेषेत, पण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत लांब छेद घेतात. मग कातडी आणि चरबीचा अख्खा थर स्नायूंपासून सुटा करत बरगड्यांपर्यंत वर उचलतात. आता समोर ते दोन फाकलेले स्नायू दिसतात, त्यांच्यावरचं आवरण छातीच्या हाडापासून खाली ओटीपोटापर्यंत मजबूत धाग्याने एकमेकांजवळ ओढून शिवतात. पोटाला आतून जो घट्टपणा येतो तो या शिवणीने.

बेंबीचं काय होतं हे मला सगळ्यात भारी वाटतं. बेंबी जागची हलवतच नाहीत! तिच्याभोवती गोल छेद घेऊन तिला तिच्या देठासकट स्नायूंवर तशीच सोडतात, वरची कातडी खाली ओढतात, जादाची कापून टाकतात, आणि मग या ताणून बसवलेल्या कातडीला बरोबर बेंबीच्या जागी नवीन भोक पाडून ती त्यातून बाहेर काढून टाके घालतात. म्हणजे बेंबी तीच, भोवतालची कातडी मात्र आधी वर बरगड्यांच्या बाजूला असलेली. 1899 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली यांनी पोटावरची सुमारे साडेसात किलोची लोंबती झोळ काढली होती, पण बेंबी अशी नव्याने बसवायची पद्धत 1957 मध्ये व्हर्नन या सर्जननी मांडली, आणि छेद खाली कपड्यात लपेल असा घ्यायची पद्धत ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी साठच्या दशकात गाजवली. स्ट्रेच मार्क्सचं उत्तरही इथेच मिळतं, जे कापलेल्या कातडीवर होते ते गेले, बेंबीच्या वरचे होते ते आता खाली सरकून बसले.

आता पहिले पंधरा दिवस, ज्याबद्दल जाहिरातीत कोणी बोलत नाही. सरळ उभं राहता येत नाही, कातडी ताणलेली असते म्हणून आठवडाभर, कधी दहा दिवस, वाकूनच चालायचं, आणि झोपायचं पाठीवर, पाठीमागे उशांचा ढीग आणि गुडघ्यांखाली आणखी दोन. कुशीवर वळायचं नाव नाही. खोकला किंवा शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची. पोट आवळून शिवलंय म्हणून श्वास उथळ होतो, मग तो तीन बॉलवाला स्पायरोमीटर दिवसातून कितीतरी वेळा ओढायला लावतात, कोविडमध्ये घरोघरी आला होता तोच. पोटाच्या दोन बाजूंनी बारीक नळ्या निघून छोट्या डब्यांत लालसर पाणी जमत राहतं, ते रोज ओतून किती एमएल झालं ते कागदावर लिहायचं, दिवसाला साधारण 30 एमएलच्या खाली आलं की नळी काढतात. (काही सर्जन आतून ठिकठिकाणी टाके घालून थर खाली चिकटवतात, मग नळीशिवायही भागतं.) पेनकिलरने बद्धकोष्ठ होतं आणि कुंथायला तर परवानगी नाही, त्यामुळे इसबगोल आणि पाणी हवंच. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, उकिडवं बसणं काही आठवडे जमणार नाही. दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर त्यालाही सहा आठवडे उचलायचं नाही, आणि हे खरंच अवघड जातं कारण मूल ऐकत नाही. आई किंवा सासूबाई राहायला येणार असतील तेव्हाचीच तारीख घ्या.

दुखतं कुठे तर छेदापेक्षा स्नायूंच्या शिवणीत जास्त, पहिले तीन-चार दिवस वाईट. बसून करायच्या कामावर दोन-तीन आठवड्यांत जाता येतं, व्यायाम सहा आठवड्यांनी, तोपर्यंत घट्ट पट्टा.

धोक्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा होणारी गोष्ट म्हणजे सिरोमा, कातडीखाली पाणी साठणं, ते सुईने काढता येतं, कटकट आहे पण भीतीचं नाही. भीती बाळगायची ती पायाच्या शिरेत होणाऱ्या गुठळीची, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो, आणि कॉस्मेटिक ऑपरेशनांमध्ये टमी टकला हा धोका वरच्या क्रमांकाचा आहे. म्हणूनच त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी वाकत वाकत का होईना चालवतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, आधी गुठळी झाली असेल, तर ते सर्जनला सांगाच, लपवू नका. एका पोटरीला सूज आणि ठणका, किंवा अचानक धाप लागली, तर फोन करत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं. दुसरी गोष्ट सिगारेट आणि तंबाखू. थर उचलताना कातडीच्या बऱ्याच रक्तवाहिन्या तुटतात, उरलेल्यांवर ती जगते, आणि निकोटिन त्या आकुंचन पावायला लावतं, मग छेदाच्या मधोमध कातडी काळी पडून मरते. निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद, मशेरीसुद्धा. तीही तंबाखूच आहे हे सांगावं लागतं.

बेंबीच्या खाली बधिरपणा येतो, कित्येक महिने राहतो, काहींचा थोडासा कायमचा. तिथे गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही. संध्याकाळी सूज चढते, आणि खरा आकार दिसायला सहा महिने ते वर्ष जातं. व्रण आधी लाल-जांभळा आणि जाडसर असतो, वर्ष-दीड वर्षात फिका पडतो, पूर्ण जात नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीत तो जाड व्हायची शक्यता जास्त. आधी केलॉइड (व्रणावर वाढत जाणारी जाड गाठ) झालं असेल, कान टोचल्यावर गाठ आली असेल, तर तेही सांगा.

अजून मूल हवं असेल तर थांबा. टमी टकनंतर गरोदर राहता येतं, पण ती शिवण पुन्हा ताणली जाते. सिझेरियनसोबतच उरकून टाका अशी मागणीही बऱ्याच जणी करतात, पण तेव्हा गर्भाशय मोठं असतं, अंगावर पाणी असतं, किती कातडी जादा आहे याचा अंदाजच येत नाही, आणि गुठळीचा धोका आधीच वाढलेला. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे ना आणि हॉस्पिटलला आयसीयू आहे ना, हे दोन्ही विचारा, नुसत्या "कॉस्मेटिक क्लिनिक"च्या बोर्डावर जाऊ नका.

पैशांचं बघा. मेडिक्लेम कॉस्मेटिक सर्जरीला पैसे देत नाही, आणि एरवी दवाखान्याच्या उपचारांना असलेली जीएसटीची सूटही इथे लागू होत नाही, त्यामुळे कोटेशन घेताना टॅक्ससकट आहे का ते विचारा. बेंबीचा हर्निया असेल तर तो बहुतेकदा त्याच वेळी दुरुस्त करता येतो आणि तेवढ्या भागाचा क्लेम बसू शकतो, पण त्यासाठी सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि वेगळं बिल लागेल, आणि इन्शुरन्स कंपनीची मंजुरी अॅडमिट व्हायच्या आधी घ्यावी लागेल.