समुद्रात खिंडी नसतात, तरी जाती फुटतात

पालघाटच्या खिंडीने सह्याद्रीच्या रांगेचे दोन तुकडे केले आहेत. खिंडीच्या उत्तरेला निलगिरीच्या शोलावनात एक छोटा निळा पक्षी राहतो, दक्षिणेच्या डोंगरांवर त्याचा भाऊबंद. आज त्यांच्या दोन वेगळ्या जाती मानल्या जातात. थंड डोंगरमाथ्यावरचा पक्षी गरम खिंड ओलांडत नाही, जनुकांची देवाणघेवाण थांबते, आणि लाखो वर्षांत दोन्हीकडचे पक्षी एकमेकांना परके होतात. जमिनीवर नवी जाती घडण्याची ही सरधोपट रीत.

आता वाशीच्या पुलावरून खाली पाहा. ठाण्याच्या खाडीतलं पाणी मुंबई बंदराला मिळतं, बंदर अरबी समुद्राला, आणि तो पुढे साऱ्या महासागरांना. मध्ये ना डोंगर, ना खिंड. या पाण्यात तरंगणारे प्लवक तर प्रवाह नेईल तिकडे जाणार. मग समुद्रात नव्या जाती होतात तरी कशा?

हा प्रश्न विचारायला सगळ्यात सोयीचा जीव म्हणजे फोरामिनिफेरा, थोडक्यात फोराम. एकाच पेशीचा हा जीव बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, पण कॅल्शियम कार्बोनेटचं नक्षीदार कवच बांधतो. जीव मेला की रिकामं कवच तळाशी जातं आणि गाळात जपलं जातं. त्यामुळे फोरामांचा कोट्यवधी वर्षांचा इतिहास हाती लागतो. तरंगणाऱ्या फोरामांच्या आज जेमतेम पन्नास जाती कवचाच्या आकारावरून ओळखल्या जातात. अख्ख्या महासागराला पन्नास! एवढ्या अफाट घरात इतके कमी रहिवासी, आणि त्याचं कारण सर्वांना पटलेलं होतं: पाणी सगळीकडे एकच, जनुकं सतत मिसळतात, जाती फुटायला वावच नाही.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एकेका फोरामचं डीएनए वाचता येऊ लागलं आणि हे उत्तर डळमळलं. ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा घ्या. तिचं शेवटचं कवच म्हणजे चक्क वाटोळा गोळा. चुकणार काय त्यात? पण 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या एका गोळ्याआड तीन जाती निघाल्या. शिवाय त्या वाटेल तिथे सापडत नव्हत्या: पृष्ठभागाच्या पाण्यात हरितद्रव्य किती, म्हणजे पर्यायाने अन्न किती, त्यानुसार त्यांची ठिकाणं ठरलेली होती.

नेमकं उलटंही घडतं, आणि मला तेच जास्त गमतीचं वाटतं. ट्रायलोबॅटस सॅक्युलिफर या फोरामची कवचं चार वेगवेगळ्या ढंगांची असतात, आणि अनेक अभ्यासक त्यांना वेगळ्या जाती म्हणत आले. जनुकं तपासली तर सगळा एकच गोतावळा निघाला. कवच दोन्हीकडून फसवतं.

मग समुद्रातला अडसर कोणता? अंतर हे एक उत्तर आहे, पण अर्धंमुर्धं. केट डार्लिंग आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं, की आर्क्टिक आणि अंटार्क्टिक या दोन्ही टोकांजवळच्या थंड पाण्यात राहणाऱ्या काही फोरामांचं तपासलेलं जनुक अगदी तंतोतंत एक आहे. म्हणजे मधला सगळा उष्ण पट्टा ओलांडून त्यांची जनुकं ये-जा करत आली आहेत. मात्र त्याहून थंड, ध्रुवीय पाण्यातच रमणाऱ्या निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्माच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या वंशांची फारकत झालेली आहे. तिच्यासाठी उष्ण पट्टा पालघाटच ठरला.

दुसरं उत्तर खोलीचं. हॅस्टिगेरिना पेलॅजिका या फोरामचे तीन जनुकीय प्रकार आहेत. एक साधारण शंभर मीटरच्या खाली राहतो, बाकीचे त्याच्या वर. नकाशावर तिघांचा पत्ता एकच, पण मजले वेगळे.

तिसरं उत्तर वेळेचं असावं, असा तर्क आहे. अथांग पाण्यात विखुरलेल्या या जीवांना प्रजोत्पादनासाठी एकत्र येणं महाकठीण. फोरामची पेशी आपलं सगळं द्रव्य खर्चून लाखो जननपेशी पाण्यात सोडते आणि स्वतः संपते. शेजारच्याने त्याच सुमारास सोडल्या नाहीत, तर सगळा खेळ वाया. म्हणूनच हॅस्टिगेरिना चंद्राचं वेळापत्रक पाळते: पौर्णिमेनंतरच्या काही दिवसांत. उद्या एखाद्या गटाची तिथी चुकली तर? ठाणे स्टेशनवर सकाळी सात बाराची आणि सात चाळीसची लोकल पकडणारे प्रवासी वर्षानुवर्षं एकाच फलाटावर येतात, तरी त्यांची ओळख होत नाही. अंतर नको, अठ्ठावीस मिनिटं पुरतात.

यातलं काही आपल्या अंगणातही पाहिलं गेलं आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की अरबी समुद्राच्या पश्चिमेला, ओमानच्या किनाऱ्यापाशी, खालचं थंड आणि पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. उत्तरेकडचं आणि दक्षिणेकडचं पाणी तापमान, क्षार आणि अन्न या तिन्ही बाबतींत वेगळं पडतं. ऐन पावसाळ्यात गोळा केलेल्या फोरामांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जनुकीय प्रकार एका पाण्याशी बांधलेले दिसले, काही दुसऱ्या.

हा केवळ नावं लावण्याचा खटाटोप नाही. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस हा फोराम वर आलेल्या त्या थंड पाण्यात फोफावतो, म्हणून गाळाच्या थरात त्याची कवचं जास्त तर त्या काळी मोसमी वारे जोरदार, असं गणित मांडलं जातं. अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ओमानजवळच्या गाळातून गेल्या सुमारे दहा हजार वर्षांच्या मोसमी वाऱ्यांचे चढउतार असेच वाचले. आता या नावाखालीही थंड आणि उबदार पाणी पसंत करणारे निरनिराळे जनुकीय प्रकार आहेत. पण म्हणून जुनं सगळं मोडीत काढायची घाई नको. पॅकिडर्माचंच पाहा. तिची डावीकडे वळणारी कवचं थंडीत आणि उजवीकडे वळणारी उबेत सापडतात, म्हणून अभ्यासकांनी दशकानुदशकं तिचा थर्मामीटर केला. एकच जाती तापमानानुसार वळण बदलते, असं अनेकजण धरून चालले होते. जनुकांनी दाखवलं की या दोन जाती आहेत. 2006 मध्ये उजव्या वळणाच्या जातीसाठी इन्कॉम्प्टा हे वेगळं नाव सुचवलं गेलं. थर्मामीटर मात्र बरोबरच होता, कारण दोघींची आवड खरोखर वेगळी होती.

ठाण्यात शाळांमध्ये या विषयावर बोलताना मुलं हमखास विचारतात, खाडीत सापडतील का? तरंगणारे फोराम नाही. त्यांना खुल्या समुद्राचं खारं पाणी लागतं, आणि पावसाळ्यात उल्हास नदीचं गोडं पाणी खाडीला येऊन मिळतं. पण चिखलात राहणारे त्यांचे नातलग असं मचूळ पाणी सोसतात. त्यांतला अमोनिया नावाचा गट जगभरच्या खाड्यांत आढळतो. एकेकाळी बेक्कारी या एकाच नावाखाली ढकलल्या गेलेल्या अमोनियाचे 2004 पर्यंत तेराच्या आसपास जनुकीय प्रकार मोजले गेले. प्रदूषण जोखायला फोराम वापरतात, तेव्हा हा फरक महत्त्वाचा, कारण सगळे प्रकार घाण सारखीच सोसतील असं नाही.

पूर्वी डीएनए काढायचं तर कवचाचा चुरा करावा लागे. आता कवच शाबूत ठेवून ते काढता येतं, म्हणजे जनुकं कळल्यावर तेच कवच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतं. ऑर्ब्युलिनाचे तीन प्रकार असे तपासले, तेव्हा त्यांच्या कवचांवरच्या छिद्रांत आणि कवचांच्या जाडीत फरक दिसले. गोळा तोच, आधी कुणी छिद्रं त्या नजरेने मोजली नव्हती.