घरबसल्या कामाच्या नावाखाली फसवणूक: तक्रार कोणी, कुठे आणि कोणत्या कागदांनिशी करायची

व्हिडिओ लाइक करा, गुगल मॅपवर हॉटेलला पाच तारे द्या, बसल्या जागी रोजचे पैसे. या ‘टास्क’ कामात पहिले दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात आणि माणूस निर्धास्त होतो. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतो: हजार भरा, तेराशे घ्या. दोनदा परत मिळतात, तिसऱ्यांदा रक्कम मोठी असते. त्यांच्या वेबसाइटवरच्या वॉलेटमध्ये आकडा फुगतो, पण काढायला गेलं की कर, दंड, ‘खातं अनफ्रीझ’ करण्याचं शुल्क. तो आकडा फक्त पडद्यावर असतो.

पहिले आलेले पैसे अनेकदा दुसऱ्या फसलेल्या माणसाचेच असतात. त्याने तक्रार केली की त्या पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि तुमची रक्कम अडकते. म्हणून स्वतः काही भरलं नसेल तरी तक्रार नोंदवून ठेवावी.

दुसरा प्रकार डेटा एंट्रीचा. ठरावीक दिवसांत शेकडो फॉर्म, अशक्य अचूकतेची अट आणि ऑनलाइन सही केलेला ‘करार’. मुदत संपली की वकिलाच्या नावाने नोटीस: इतके हजार भरा, नाहीतर अटक. करारभंग हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत. पैसे भरू नका, नोटीस पुरावा म्हणून ठेवा. नोंदणी, किट, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा कुठल्याही नावाने कामावर ठेवणाराच पैसे मागत असेल, तर पुढे तपासत बसण्याची गरज नाही.

तक्रार कोण करू शकतो

कोणीही. रकमेची खालची मर्यादा नाही. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन किंवा व्हॉट्सॲप संदेश आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीमध्ये कळवा.

पैसे गेले असतील तर

आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन. बँकेच्या शाखेत जायला सकाळची वाट पाहू नका. रक्कम एका खात्यातून पुढच्या खात्यात काही मिनिटांत सरकते आणि एटीएममधून निघाली की अडवायला काही उरत नाही. फोनवर आपला मोबाइल नंबर, बँक, खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यूटीआर म्हणजे व्यवहार क्रमांक सांगावा लागतो. यूपीआयमध्ये तो 12 अंकी असतो आणि ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. दहा वेळा पैसे पाठवले असतील तर दहाही व्यवहार वेगवेगळे सांगा. नुसती एकूण रक्कम सांगितली तर बँकेला शोधायला धागाच मिळत नाही.

पोचक्रमांक एसएमएसने येतो. त्यानंतर 24 तासांत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवा आणि तिचा तक्रार क्रमांक घ्या.

पोर्टलसाठी लागणारे कागद:

- ओळखपत्राचा फोटो (आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट), जेपीजी किंवा पीएनजी, 5 एमबीपर्यंत
- बँक स्टेटमेंट, फसवणुकीच्या नोंदींवर खूण केलेलं
- चॅटचे स्क्रीनशॉट, नियुक्तीपत्र, करार, नोटीस. प्रत्येक फाइल 10 एमबीपर्यंत
- समोरच्याचे मोबाइल नंबर, यूपीआय आयडी, खाते क्रमांक, वेबसाइटचा पत्ता

घटनेचं वर्णन किमान 200 अक्षरांचं लागतं आणि त्यात @, # अशी चिन्हं चालत नाहीत. यूपीआय आयडी तिथे चिकटवला की फॉर्म अडतो. तो संशयिताच्या रकान्यात भरा.

स्क्रीनशॉट काढण्याआधी ग्रुप सोडू नका, कोणाला ब्लॉकही करू नका. टेलिग्रामवर समोरचा माणूस चॅट दोन्हीकडून पुसू शकतो. दिसणारं नाव कधीही बदलतं, म्हणून @ ने सुरू होणारं युजरनेम दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या.

त्यानंतर

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. ती तुमच्या राज्याच्या पोलिसांकडे जाते. पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. सहसा भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) (फसवणूक) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 डी (संगणक वा फोन वापरून तोतयेगिरीने फसवणूक) लागतं. ठाण्याने नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा.

तीन दिवसांत कळवलं की बँक भरपाई देते, हा समज इथे उपयोगी नाही. तो नियम परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांचा आहे. पिन टाकून आपण पाठवलेल्या पैशांना तो लागत नाही. मिळू शकते ती वाटेत अडवलेली रक्कम, तीही पोलिसांच्या अहवालानंतर आणि अनेकदा न्यायालयाच्या आदेशाने.

आधार-पॅनच्या प्रती दिल्या असतील तर संचार साथीवर आपल्या नावावरची सिमकार्डं तपासा आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये अनोळखी कर्ज आहे का पाहा. ‘गेलेले पैसे सोडवून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला तर तो नंबरही त्याच तक्रारीच्या क्रमांकाखाली पोलिसांना द्या.