शार्कचे जीवाश्म दात आणि वंशशोध

दगड झालेल्या दातांचा आकार, धार, मूळ आणि आतली बांधणी तपासून शार्कच्या कुळांचे नाते जुळवण्याची ही पुराजीवशास्त्रातील पद्धत आहे. शार्कच्या इतिहासाचा फार मोठा भाग केवळ दातांवरून लिहिला गेला आहे. विदर्भापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही गडचिरोली आणि चंद्रपूरला लागून वाहणाऱ्या प्राणहितेच्या खोऱ्यात शार्कच्या दोन नामशेष शाखांचे दात मिळाले आहेत. हे शार्क गोड्या पाण्यात राहणारे होते. समुद्रातल्या अवाढव्य शार्कइतकेच महत्त्व या बारीक दातांना द्यायला हवे, म्हणून ही नोंद त्यांच्याकडे विशेष लक्ष देते.

शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कास्थीचा, म्हणजे मऊ लवचीक कूर्चेचा असतो. मासा मेला की कास्थी लवकर कुजते, आणि अख्खा सांगाडा दगडात टिकून राहणे ही क्वचित घडणारी गोष्ट ठरते. दातांचे तसे नाही. त्यांच्यावर इनॅमलॉइड नावाचे कठीण आवरण असते आणि ते फ्लोरिनयुक्त ॲपॅटाइट या खनिजाचे बनलेले असते. पाणी, गाळ, दाब, काळ या सगळ्यांना ते पुरून उरते. शिवाय दातांची संख्याही मोठी. माणसाला दुधाचे आणि पक्के असे दोनदाच दात येतात. शार्कच्या जबड्यात मात्र रहाटगाडग्यासारखी व्यवस्था असते: पुढचा दात गळतो, मागच्या ओळीतला पुढे सरकतो आणि त्याच्या मागे नवा तयार होत असतो. एक शार्क आयुष्यात हजारो दात टाकतो. त्यामुळे मेल्यावरच नव्हे, तर जिवंतपणीही तो तळाच्या गाळात आपली खूण सोडत जातो.

युरोपात या दातांना कित्येक शतके ‘जिभेचे दगड’ म्हणत. ते सापांच्या जिभा आहेत, विष उतरवतात, असा समज होता. इटलीतल्या फाबिओ कोलोन्ना यांनी १६१६ मध्ये ते शार्कचे दात असल्याचे लिहिले. ऑक्टोबर १६६६ मध्ये लिव्होर्नोजवळ पकडलेल्या मोठ्या शार्कचे डोके शरीररचनेचे अभ्यासक निकोलस स्टेनो यांच्यापुढे विच्छेदनासाठी आले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी जबड्यातले दात व ‘जिभेचे दगड’ यांची तुलना प्रसिद्ध केली. समुद्रातल्या माशाचे दात डोंगरातल्या दगडात कसे गेले, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना स्टेनो खडकांच्या थरांकडे वळले. थरांच्या अभ्यासाचा पाया तिथे पडला, आणि त्यात एका दाताचा वाटा आहे. १८३३ ते १८४३ या काळात लुई आगासी यांनी जीवाश्म माशांवरचा आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला. शार्कच्या अनेक जातींना त्यांनी केवळ दात पाहून नावे दिली.

दात वाचताना आधी मुकुट आणि मूळ वेगळे पाहतात. मुख्य टोक सरळ आहे की कललेले, त्याच्या दोन्ही बाजूंना छोटी उपटोके आहेत का, कडा गुळगुळीत की करवतीसारखी, मुळाच्या फांद्या किती फाकलेल्या, त्यांच्यात रक्तवाहिनीची खाच आहे का, हे सगळे टिपून घेतात. दातावरून अन्नाचाही अंदाज येतो. सुईसारखा दात निसटता मासा धरण्यासाठी, रुंद करवती दात मांस कापण्यासाठी, चपटा दात शिंपले फोडण्यासाठी.

पण खरी अडचण इथेच आहे. अन्न सारखे असेल तर नात्यात नसलेल्या दोन कुळांचे दातही सारखे होऊ शकतात. उलट एकाच शार्कच्या तोंडात वेगवेगळे दात असतात. हेमिप्रिस्टिस या शार्कचे वरचे दात रुंद आणि करवती, तर खालचे पुढचे दात अरुंद, टोकदार. शेतकऱ्याच्या एकाच घरात विळा, खुरपे आणि कुऱ्हाड असावी आणि पाहणाऱ्याने ती तीन घरांची समजावी, तसा घोटाळा इथे होतो. जुन्या अभ्यासकांनी एकाच जातीला दोन-तीन नावे दिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. म्हणूनच एका सुट्या दातावर वंशावळ उभी करू नये. एकाच थरातले अनेक दात शेजारी मांडून जबडा मनात रचावा लागतो.

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आजचा पांढरा शार्क आणि मेगॅलोडॉन हा नामशेष राक्षसी शार्क. दोघांच्याही दातांना करवती कडा आहेत, म्हणून आगासींनी मेगॅलोडॉनला पांढऱ्या शार्कच्याच प्रजातीत, कारकॅरोडॉनमध्ये, घातले. पांढरा शार्क हा या राक्षसी शार्कचा वंशज, अशी समजूत त्यातून दीर्घकाळ टिकली. थरांच्या क्रमाने दात मांडले तेव्हा चित्र बदलले. मेगॅलोडॉनची रांग मागे ओटोडस ऑब्लिक्वस या शार्कपर्यंत जाते. त्याच्या दातांच्या कडा गुळगुळीत होत्या आणि बाजूला ठसठशीत उपटोके होती. पुढच्या जातींमध्ये आधी वेडीवाकडी, मग नीटस करवत दिसू लागते; उपटोके हळूहळू आखडतात आणि मेगॅलोडॉनमध्ये नाहीशी होतात. त्याचा मोठ्यात मोठा दात सुमारे १८ सेंटिमीटरचा आहे. पांढऱ्या शार्कची रांग वेगळीच. तिच्या मुळाशी रुंद पण गुळगुळीत कडांचे दात असलेला हॅस्टॅलिस हा नामशेष शार्क आहे. पेरू देशातल्या पिस्को थरांत १९८८ मध्ये एक विलक्षण जीवाश्म मिळाला: जबड्यासह २२२ दात आणि ४५ मणके. त्याच्या दातांवर अर्धवट, बोथट करवत होती. २०१२ मध्ये त्याला कारकॅरोडॉन हबेली हे नाव मिळाले, आणि हॅस्टॅलिस व आजचा पांढरा शार्क यांच्यातला दुवा हाती आला. करवत दोन कुळांत स्वतंत्रपणे घडली होती. सुट्या दातांवर इतकी वर्षे चाललेल्या वादाला अशा जुळलेल्या जबड्यानेच वळण दिले.

याहून कितीतरी मागे गेले की दातांची सुरुवातच दिसते. चीनच्या ग्वेइझोऊ प्रांतातून २०२२ मध्ये वर्णन केलेले क्विआनोडस या प्राण्याचे दात सुमारे ४३.९ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते शार्कच्या पूर्वजांच्या बाजूचे मानले जातात. त्यानंतरच्या काळात ज्या शाखा फुटल्या, त्यांपैकी दोन प्राणहितेच्या खोऱ्यात भेटतात.

वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या खोऱ्यातल्या खडकांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्यात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचा मोठा वाटा आहे. नागपूर परिसर, मांगली, कोटा इथले जीवाश्म त्यांनी आस्थेने गोळा केले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. १८५९ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांनी ‘नागपूरच्या दक्षिणेकडील’ मलेडी, म्हणजे आजच्या तेलंगणातील मलेरी, इथल्या सेराटोडस या फुप्फुसमाशाच्या दातांवर लेख लिहिला. याच मलेरीच्या लाल चिखलखडकात ट्रायसिक काळातील, म्हणजे जुरासिकच्या आधीच्या काळातील, झेनाकॅन्थ शार्कचे दात मिळाले आणि १९८० मध्ये त्यांचे वर्णन झाले. हा दात एकदा पाहिला की विसरत नाही: पोळ्याला सजवलेल्या बैलाच्या शिंगांसारखी फाकलेली दोन टोके आणि मध्ये एक लहानसे. नद्या-तळ्यांत राहणारी ही शाखा ट्रायसिकच्या अखेरीस संपली.

दुसरी शाखा हायबोडॉन्ट. सिरोंचाजवळच्या कोटा गावाचे नाव ज्या खडकसमूहाला मिळाले आहे, त्या जुरासिक कोटा थरांतून १९८६ मध्ये एका लहान हायबोडॉन्टचे वर्णन झाले. आज तो लाँकिडियन प्रजातीत धरला जातो. दात मिळाले ते ठिकाण नदीच्या तेलंगणाच्या बाजूला आहे, पण खडकाचा समूह एकच. हे दात ज्वारीच्या दाण्याहून लहान, बुटके आणि लांबट असतात. हायबोडॉन्ट समुद्रात आणि गोड्या पाण्यातही पसरले आणि क्रिटेशसच्या, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाच्या, शेवटापर्यंत टिकले. आजच्या शार्कशी त्यांचे नाते ठरवायला बाहेरचा आकार पुरत नाही. दात सौम्य आम्लात किंचित झिजवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. आधुनिक शार्कच्या इनॅमलॉइडमध्ये स्फटिकांच्या जुड्या तीन थरांत बांधलेल्या दिसतात. हायबोडॉन्टमध्ये ते सुटे, विस्कळीत असतात. पेंढ्या बांधून रचलेले धान आणि खळ्यावर पसरलेले धान यांत जो फरक, तोच.

इतके बारीक दात डोळ्यांनी शोधून मिळत नाहीत. माती पोत्यांनी आणून वाळवतात, पाण्यात भिजत घालतात, ती फुटली की एकाखाली एक बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून धुतात. चुनखडक असेल तर पातळ ॲसेटिक आम्लात विरघळवतात. चुना जातो, दात राहतो. उरलेला कण्यांसारखा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पसरून ओल्या कुंचल्याने एकेक कण वेचायचा. कापसाच्या वेचणीइतकेच हे डोळ्यांचे आणि धीराचे काम आहे. प्रत्येक पोत्यावर ठिकाण आणि थर लिहिलेला नसेल तर ही सगळी मेहनत वाया जाते. दात नदीपात्रातून उचलला आणि थर कळला नाही, तर तो वंशावळीत नेमका कुठे बसवायचा हे ठरत नाही.

दातांचा उपयोग वंशापुरताच थांबत नाही, हे चंद्रपूरच्या सीमेलगतच्या आसिफाबादने दाखवले. लाव्हा थिजून बनलेल्या दख्खनच्या काळ्या कातळाचे वय हा जुना वाद आहे. छिंदवाड्याकडच्या थरांतल्या जीवाश्म वनस्पती पाहून वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी तो इओसीन, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या, काळाकडे झुकवला होता. आसिफाबादला लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात शार्कच्या भावकीतल्या एका पाकटाचे, इग्डाबॅटिसचे, चपटे षटकोनी दात मिळाले. हा पाकट आफ्रिकेतल्या नायजरमध्येही सापडतो आणि तो क्रिटेशसच्या अगदी अखेरच्या काळाचा आहे. ज्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये त्याचे दात होते, त्यांतला खालचा थर त्याहून जुना असणारच. त्यामुळे उद्रेक डायनोसॉरच्या हयातीत सुरू झाला होता, या मताला बळ मिळाले, आणि पुढे किरणोत्सारी कालमापनाने तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला. त्याच कातळाची झीज होऊन वऱ्हाडातली कापसाची काळी माती तयार झाली आहे.