हेलिकॉप्टर आलं म्हणजे वेळ वाचलाच, असं नाही

‘जखमीला हेलिकॉप्टरनेच न्यावं, ते सगळ्यात लवकर पोचतं’ हा समज जुना आहे आणि अर्धाच खरा आहे. हवेत वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर असतो, हे मान्य. पण वेळ मोजायची ती फोन केल्यापासून: इंजिन सुरू करणं, घटनास्थळी येणं, तारा-झाडं नसलेली सुमारे ३० बाय ३० मीटर सपाट जागा शोधणं, रुग्णाला पट्ट्यांनी बांधून आत घेणं. रुग्णालय १५ किलोमीटरच्या आत आणि रस्ता मोकळा असेल, तर जागेवर उभी असलेली अ‍ॅम्ब्युलन्स बहुधा आधी पोचते.

शिवाय आत जागा अपुरी आणि आवाज इतका, की स्टेथोस्कोपने श्वासाचा आवाज ऐकणं जवळपास अशक्य. म्हणून श्वासनलिकेत नळी घालायची गरज दिसत असेल, तर ती उड्डाणाआधीच घालावी. फुफ्फुसाभोवती साठलेली हवा उंचीवर प्रसरण पावते आणि फुफ्फुस आणखी दाबते. तिला वाटही शक्यतो जमिनीवरच करून द्यावी.

हात मोडलेल्या, शुद्धीवर असलेल्या स्थिर रुग्णाला हेलिकॉप्टर लागत नाही. डोक्याला जबर मार किंवा पोटात रक्तस्राव, आणि ट्रॉमा केंद्र (गंभीर जखमींवर उपचार करणारं रुग्णालय) रस्त्याने तासाभराहून लांब, तिथे मात्र ते लगेच मागवावं.